दोन कलमांच्या मध्ये

साहेबराव वकिलांनी चहाचा कागदी कप खिडकीत ठेवला आणि पूनमसमोर दोन बोटं धरली.

"एक, सदोष मनुष्यवध. जीव जाऊ शकतो हे माहीत असून केलं, असं ठरलं तर दहा वर्षंही होतील. दुसरं, मुलाशी क्रूरता. त्याला तीन. त्यातली दोन तुमच्या नवऱ्याची, रोहिदासची, तुरुंगातच गेलीत. दिवाळीपर्यंत माणूस घरी."

पूनमनं मान हलवली. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर तिच्या शेजारी तिची सासू, शालनबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"तुम्ही इतकंच म्हणायचं, की शिस्त लावायला तो पोराला अधूनमधून फटका द्यायचा. त्या दिवशीही दिला. पोरगं तोल जाऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटलं."

"म्हणजे माझा गणराज कशानं गेला?"

"पडून."

"दुसऱ्या कलमात तो मेलेलाच नाही तर."

वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं. "ताई, कायद्याला असंच बोलावं लागतं."

ते आत गेल्यावर शालनबाई हळूच म्हणाली, "तेवढंच बोल, बाय. घरात पुरुष मानूस न्हाई, किती दिस काढायचं आसं?"

पूनम आज चाकणच्या कंपनीतून थेट आली होती, अंगावरचा पॅकिंगचा निळा कोटही काढला नव्हता. दोन वर्षं तिला सगळ्यांनी एकच विचारलं होतं. पोलिसांनी, डॉक्टरांनी, चिखलीतल्या शेजारणींनी. बाप पोराला मारायचा का? तिनं जबाबात एवढंच सांगितलं होतं, की त्यानं ढकललं आणि गणराजचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पोलिसांनी तेवढंच लिहून घेतलं होतं.

तिचा पुकारा झाला.

आरोपीच्या जागी रोहिदास उभा होता. वाळला होता. सरकारी वकीलबाईंनी कागद उलटला.

"आरोपी मुलाला नेहमी मारायचा?"

"नाही."

"कधीतरी?"

"कधीच नाही. शिफ्ट संपवून आला की आधी त्याला खांद्यावर घ्यायचा."

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. आणखी एक साक्षीदार फिरला, असंच त्यांना वाटलं असावं.

"मग त्या दिवशी का ढकललं त्याला?"

"त्याला नाही. मला ढकललं." पूनमनं समोरचा कठडा धरला. "मानेला धरून. आज तुला संपवतोच, म्हणाला. गणराज मला पुढून बिलगला होता, सोड म्हणत होता. ओटा आणि मी, यांच्या मध्ये तो होता."

टायपिंगचा आवाज थांबला.

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सगळे गणराजचंच विचारत होते, साहेब. आणि पोरच गेल्यावर आपलं काय सांगायचं, असं वाटलं."

रोहिदासनं मान वर केली नाही. साहेबराव उठले, आणि उलटतपासणीसाठी पुढची तारीख मागून बसले.

पूनम बाहेर आली तेव्हा शालनबाई दाराशीच उभी होती.

"बोललीस?"

"बोलले."

"लय मारायचा, आसं तर न्हाई ना म्हनालीस?"

"गणराजला कधीच मारलं नाही म्हणाले."

शालनबाईनं कपाळाला हात लावून कुणाला तरी नमस्कार केला. तेवढ्यात शिपायानं तिचं नाव पुकारलं. गुडघे दुखायचे म्हणून तिनं सवयीनं पूनमच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या," पूनम म्हणाली, "तुम्हाला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं ना सगळं? मला मारायचा ते?"

खांद्यावरचा हात तिथेच राहिला. शिपायानं दुसऱ्यांदा हाक दिली.

"मला त्याचं कुनी कायबी इचारलं न्हाई," शालनबाई म्हणाली.

"आता विचारतील."