हा वाजवतोय कोण?

मी ड्रम बोलतोय. मिरवणुकीत गळ्यात अडकवून नेतात तो मोठा ड्रम नव्हे. वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांमध्ये बसतो तो, बेताच्या उंचीचा, पोटाखाली बारीक तारांची पट्टी ताणलेला. त्या तारांमुळे माझा आवाज नुसता धप्प येत नाही, जरा चुरचुरीत येतो. नाचणाऱ्यांचे पाय उचलले जातात ते त्या आवाजावर.

माझं अंग बर्चच्या लाकडाचं. पातळ फळ्या वाफेवर वाकवून मला गोल केलं, पितळेच्या कड्या चढवल्या आणि एका शहरातल्या दुकानात काचेमागे ठेवलं. तिथून मला एन्सिओ रासानेनने उचललं. तेव्हा तो तरणाबांड होता, लाकूड कापायच्या मिलमध्ये कामाला होता, आणि त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. घोंगडीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन त्याने मला हाउकानिएमीला आणलं. उत्तरेकडच्या थंड मुलखातलं, तळ्याकाठचं गाव.

दारातच त्याची बायको हिल्का उभी होती.

"शिवणयंत्र आणायला गेला होतास ना?"

"हेही टाकेच घालतं, हिल्का. एकसारखे पडले पाहिजेत, एवढंच."

हिल्का हसली नाही. पण तिने घोंगडी सोडवली, माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि मला चुलीपासून लांब ठेवलं, लाकूड तडकू नये म्हणून.

गावाबाहेर तळ्यावर लाकडी नाचघर होतं. उन्हाळ्यात दर शनिवारी तिथे टँगो आणि वॉल्ट्झ, जोडीने नाचायचे नाच. अ‍ॅकॉर्डियनवर हेइमो, तोच म्होरक्या. जाड तारांच्या उंच बासवर लाउरी, आणि ड्रमवर आमचा एन्सिओ. नाचायला चार गावांची माणसं यायची. एन्सिओ वाजवायला बसला की मान खाली घालायचा. लोकांकडे बघायचाच नाही, माझ्याकडे बघायचा.

आता मी जे सांगतो ते खरं समजा, कारण काठी कशी पडते हे माझ्याइतकं कुणाला कळणार? एन्सिओचा हात फार चांगला होता. टँगोत तो एक ठोका जरासा मागे ठेवायचा, केसभरच, आणि नाचणाऱ्या बाईचं पाऊल त्या मोकळ्या जागेत अलगद उतरायचं. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. जोरात वाजवणारे मी पुष्कळ पाहिले, भरभर वाजवणारेही पाहिले. ती जागा ठेवता येणारा दुसरा पाहिला नाही.

पण एन्सिओला स्वतःबद्दल विचाराल तर तो म्हणायचा, "मी आपला कामचलाऊ."

याचं कारण होतं रेडिओ. रविवारी दुपारी राजधानीतल्या मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम लागायचा. एन्सिओ मला स्वयंपाकघरात मांडून त्याच्याबरोबर वाजवायला बघायचा. चार गाणी झाली की काठ्या टेबलावर टाकायचा.

"ऐकलंस? याला म्हणतात हात. आणि मी? लाकूड फोडतोय नुसता."

"मला दोन्ही सारखंच ऐकू आलं," हिल्का बटाटे सोलता सोलता म्हणायची.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

तिथेच बोलणं संपायचं. त्या रेडिओवरच्या माणसाला चुकलं तर परत वाजवायची सोय असेल, त्याच्यासमोर सगळे सूर लिहून ठेवलेले असतील, हे एन्सिओच्या मनातही यायचं नाही. तो त्याचं उत्तम आणि आपलं रोजचं शेजारी ठेवून मोजायचा, आणि दर वेळी हरायचा.

आणि दुसरं कुणी सांगणारं नव्हतंच. आमच्याकडे तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. एखाद्या शनिवारी नाचघर असं रंगायचं की म्हातारी माणसंसुद्धा खाली बसायची नाहीत. मग सामान गाडीत चढवताना हेइमो म्हणायचा, "पाऊस नाही आला, बरं झालं." लाउरी म्हणायचा, "कॉफी मात्र पाणचट होती आज." झालं! एन्सिओ घरी येताना गप्प असायचा. हिल्काने विचारलं तर म्हणायचा, "निभावलं कसंबसं. कुणी काही बोललं नाही."

एकदा इर्मेली साविओ नावाची गायिका आमच्या नाचघरात गायला आली. देशभर हिंडायची ती. तिचा ड्रमवाला वाटेत आजारी पडला होता, म्हणून एन्सिओला बसवलं. त्याच्या हातांना घाम सुटलेला माझ्या कडांना कळत होता. पण पहिल्या टँगोतच तिने गाता गाता वळून मागे पाहिलं. पुढची गाणी ती त्या मागे ठेवलेल्या ठोक्यावर रेलून गायली.

कार्यक्रम संपल्यावर ती कोट चढवत आमच्याकडे आली.

"माझ्याबरोबर चल. हिवाळाभर दौरा आहे. पगार, राहणं, सगळं बघते मी."

एन्सिओ माझे स्क्रू सैल करत होता. त्याने वर पाहिलंच नाही. "बाई, तुम्हाला खरा वाजवणारा पाहिजे. मी मिलमधला माणूस."

"मी विचारतेय ना तुला?"

"तुमची अडचण झाली म्हणून विचारताय. राजधानीत गेल्यावर लोक हसतील मला. आणि तुम्हालाही."

तिने कोटाची बटणं लावली. मग "बरं," म्हणाली आणि गेली. हिल्का दाराशी दोघांचे कोट धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. घरी गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "स्वतःची लायकी स्वतःला कळावी माणसाला." त्यानंतर हा विषय त्या घरात निघाला नाही.

मिलच्या करवतींनी त्याचे कान हळूहळू खाल्ले. तेव्हा कानाला काही बांधायची रीत नव्हती. आधी बारीक आवाज गेले: पक्षी, किटलीची शिट्टी, माझ्या तारांची चुरचुर. मग डाव्या हाताची बोटं आखडायला लागली. काठी पडायची, पण उशिरा पडायची. पूर्वी तो जागा ठेवायचा. आता जागा आपोआप राहायची, कधी लहान, कधी मोठी. दोन्हीतला फरक मला कळायचा, नाचणाऱ्यांच्या पायांना कळायचा. एन्सिओला कळत नव्हता, कारण जे ऐकायला पाहिजे ते त्याला ऐकूच येत नव्हतं.

नाचघरात जोड्या एकमेकांवर आपटायला लागल्या. काही जण पलीकडच्या गावच्या नाचघरात जायला लागले. त्यातच मिल बंद पडली आणि एन्सिओ घरी बसला. त्या उन्हाळ्यात एकदा तो पुढे घराकडे गेला असताना हेइमो आणि लाउरी मला गाडीत ठेवत होते.

"सांगायला पाहिजे त्याला," लाउरी म्हणाला.

"तू सांग."

"मी कशाला? म्होरक्या तू आहेस."

हेइमोने माझ्यावर कापड ओढलं. "मिल गेली त्याची. आता शनिवारही काढून घेऊ? राहू दे. आपण सांभाळून घेऊ."

आणि त्यांनी सांभाळून घेतलं. लाउरी बास जरा दाबून वाजवायचा, हेइमो ठोक्याची वाट बघायचा. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एन्सिओच्या मनात शंका येऊ नये म्हणून ते दोघे बोलायलाही लागले.

"आज काय वाजवलंस, गड्या!" हेइमो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. तेही त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन, मोठ्याने.

एन्सिओ बघतच राहिला. "खरंच?"

"खरंच म्हणजे? हात काय लागलाय तुझा!"

त्या दिवशी एन्सिओ घरी शीळ घालत आला. मग दर शनिवारी असंच. त्याने नवा शर्ट शिवून घेतला. लोकांकडे बघून वाजवायला लागला. हिवाळ्यातही मला रोज बाहेर काढायचा. राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणि कॉफी पुढ्यात घेऊन बसलेल्या हिल्काला सांगायचा, "आत्ता कुठे मला जमायला लागलं बघ. उशीर झाला, पण जमलं." एकदा तर म्हणाला, "ती गायिका आत्ता विचारती ना, तर गेलो असतो मी."

हिल्काने कप खाली ठेवला. तिचे कान शाबूत होते. तिने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

मला वाचा असती तर? काय सांगितलं असतं मी? त्याच्या आयुष्यात त्याला आनंदाने वाजवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मीही गप्प राहिलो असतो बहुतेक.

नाचघराचा वर्धापनदिन आला. जिल्ह्याच्या रेडिओच्या एका माणसाने दुपारीच येऊन आमची दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. संध्याकाळी तो कोपऱ्यात टेबल टाकून बसला होता. मग एन्सिओला त्याने हाक मारली, कारण सगळ्यांत जुना वादक तोच. एन्सिओने मला काखेत मारलं होतं, तसाच गेला.

"काका, एक गंमत ऐकवतो. या नाचघरातली जुनी टेप मिळालीय एका घरात." त्याने एन्सिओच्या कानांवर हेडफोन चढवले. एन्सिओने खुणेने आवाज वाढवायला सांगितला. अजून. अजून. इतका की बाहेर मलाही ऐकू यायला लागलं.

टँगो होता. एन्सिओचे डोळे मिटले. बऱ्याच वर्षांनी त्याच्या कानात बारीक आवाज शिरत होते. त्याचं बोट माझ्या कडेवर हलायला लागलं, आणि त्या मागे ठेवलेल्या ठोक्याशी येऊन थांबलं.

"हा वाजवतोय कोण?" तो मोठ्याने म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. सगळं नाचघर वळून बघायला लागलं. "कोण आहे हा? राजधानीतला दिसतोय. काय हात आहे याचा!"

रेडिओवाला हसला. "काका, थट्टा करताय काय? तुम्हीच आहात."

एन्सिओने हेडफोन काढले नाहीत. टेप संपेपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "आत्ताचं लाव. दुपारचं."

"ते अजून नीट करायचंय—"

"लाव."

हेइमो धावत आला, पण तोवर टेप सुरू झाली होती. मी एन्सिओच्या काखेत होतो. त्याचा श्वास मला लागत होता. पहिल्या गाण्याच्या मध्यावर त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वायर नीट गुंडाळली.

"हेइमो," तो म्हणाला, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

हेइमोने टोपी हातात घेतली. "तेव्हा सांगायचं काय होतं? चांगलंच चाललं होतं की."

"आणि आता का सांगत होतास?"

 हेइमो टोपीची कड चाचपत राहिला. एन्सिओने मला उचललं आणि तळ्याच्या कडेकडेने घरी आणलं. त्या संध्याकाळी नाचघरात ड्रमशिवाय वाजलं.

तो कुणावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हेइमो दोनदा घरी येऊन कॉफी पिऊन गेला, दोघे मासेमारीबद्दल बोलले. पण काठ्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मला त्याने कपाटावर ठेवलं.

एकदा हिल्का पीठ मळत होती. तो खिडकीशी बसला होता. हात पुसून ती त्याच्यासमोर येऊन बसली, त्याला ओठ दिसावेत म्हणून.

"ऐक. तू वाजवायचास, म्हणून मला कधी तुझ्याबरोबर नाचता आलं नाही. मी लाउरीच्या भावाबरोबर नाचले, पोस्टमनबरोबर नाचले, ज्याने विचारलं त्याच्याबरोबर नाचले. पण हात कुणाच्याही हातात असला तरी मी तुझ्याबरोबरच नाचत होते. इतकं चांगलं वाजवायचास तू."

एन्सिओने तिच्या पिठाळ हातावर हात ठेवला. अगदी मायेने. आणि म्हणाला, "तूही हेइमोसारखंच बोलायला लागलीस."

हिल्का उठली. परत पीठ मळायला लागली. तिची पाठ माझ्याकडे होती.

एन्सिओ जाऊन आता पुष्कळ हिवाळे झाले. नाचघराला कुलूप आहे. हिल्का आपल्या लेकीजवळच्या लहान घरात राहायला चाललीय, म्हणून आज मला चर्चच्या आवारातल्या जुन्या सामानाच्या बाजारात मांडलंय, एका पितळी दिव्याशेजारी. माझं कातडं सैल पडलंय. दोन तारा तुटल्यात. दुरुस्त होण्यासारखं आहे सगळं.

तुमच्या ओळखीत कुणी माझ्यासारखं काही वाजवत असेल, तर माझं एक मागणं आहे. त्याचं चांगलं झालं तर त्याच दिवशी सांगा. बिघडलं तर तेही सांगा. पावसाबद्दल आणि कॉफीबद्दल मग बोला.

मघाशी एक माणूस टेबलापाशी थांबला. इथला नव्हता. त्याने मला उचललं, उलटं केलं, तारा पाहिल्या, बोटाने हलकेच टकटक केलं.

"कुणाचा हा?"

"माझ्या नवऱ्याचा," हिल्का म्हणाली.

"बरं वाजवायचे का ते?"

"फार चांगलं," ती म्हणाली. "फार चांगलं वाजवायचा तो."

माणसाने मान डोलावली. त्याला ते लगेच पटलं.