रिळाचे आटे

...फिरतोय, नुसता फिरतोय, धरत कुठेच नाही. पेचकसाचं टोक खाचेत नीट बसलेलं, मनगटाचा जोर बराबर, आणि तरी स्क्रू दाणा न टाकलेल्या जात्यासारखा भोकात गरगरतोय. गिरिजाबाईंनी पेचकस काढला, रीळ उलटं धरलं. स्क्रू आपोआप निसटून ओच्यात पडला. मासे धरायच्या गळाचं हे रीळ तळहाताएवढं, एके काळी सोनेरी. आता जिथे मालकांचा अंगठा लागायचा तिथे पांढरं पडलेलं. त्या पांढऱ्या जागेवर गिरिजाबाईंनी मुद्दाम आपला अंगठा ठेवला. काही झालं नाही. आत काहीच हललं नाही.

मालक, कचरू, जाऊन सव्वा महिना होत आला, पण गिरिजाबाईंच्या डोळ्याला पाणी नव्हतं. भेटायला आलेल्या बायका अंगणातच एकमेकींना म्हणाल्या, मोठी कठीण बाई. ते त्यांनी ऐकलं. आणि ज्यांच्या तोंडाला लागायला अख्खं शहागड दचकतं त्या गिरिजाबाईंना त्याचा साधा रागसुद्धा आला नाही. भात शिजला का बघावा तसं त्या मधूनमधून स्वतःला चाचपून बघत — न्हाई, अजून न्हाई.

रविवारी जावई येणार होता. राधेश्याम, शिवकन्येचा नवरा, जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला. सासऱ्याची आठवण म्हणून त्यानं मागावं तर नेमकं हे रीळ. या घराची रीत अशी, की गेलेल्या माणसाची वस्तू सव्वा महिन्याच्या आत द्यायची आणि मोडकी म्हणून द्यायची नाही. मालकांच्या चपला दिल्या त्या अंगठा शिवून, छत्री दिली ती काडी बदलून. म्हणजे स्क्रू बसला तर रीळ रविवारी घराबाहेर जाणार. नाही बसला तर इथेच राहणार, पण सासूनं घालून दिलेली आणि आपण जन्मभर दुसऱ्यांकडून पाळून घेतलेली रीत आपल्याच हातानं मोडणार. यातलं मला काय पाहिजे? — त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं.

"आत्याबाई, तसंच द्या की," सून साधना आतून म्हणाली. "दाजीच्या कारखान्यात मशीनी हायेत. बसवतील ते."

"तुझ्या माहेरात देत असतील मोडकं. हितं न्हाई."

बोलणं सवयीनं निघालं, धार बराबर होती; पण तेही त्या रिकाम्या स्क्रूसारखंच, कुठे न लागता फिरून आलं.

सकाळी त्यांनी भोकात आगपेटीची काडी खुपसून पाहिली होती. दाराच्या बिजागरीला तेच करतात. पण ते लाकूड. इथे धातूनं काडीचा भुगा केला. मग हायवेवरून चांदपाशाला बोलावलं. पंक्चरचं दुकान त्याचं, आणि मालकांची बैठक त्याच्याच घरी. हे घर माळकऱ्यांचं; मालकांनी गोदावरीत काय धरलं ते चांदपाशाच्या चुलीवर जायचं, त्याची बायको मैमूना तळायची, आणि मालक तिथेच तोंड खंगाळून परत यायचे. उंबऱ्यात गिरिजाबाई उभ्या. किती मारले आज? — दोन व्हते. बारके. देल्ते सोडून. — सोडायचेच तर धरता कशाला? नदीलाच नांदायला जा ना एकदाचं... रोजचं होतं ते.

चांदपाशा एमसील घेऊन आला. काळी आणि पांढरी, दोन वड्या.

"एक रंग होईस्तोर मळा, भाभी. भोकात भरा. मंग स्क्रूला तेल लावून दाबा. तेल न्हाई लावलं तर कायमचा चिकटंल."

"मला मळायला शिकवू नका, पाशाभाऊ. तुमच्या पंक्चरला मी येते का सांगायला?"

तो हसला. "या ना. गिऱ्हाईक भिऊन जल्दी पैसे तरी देईल."

"पण आटे गेले कशानं? वाळू लागली का?"

"वाळू कशाची, भाभी. कचरूभाऊ रोज खोलत राह्यचे ना. खोलायचं, पुसायचं, कसायचं, परत खोलायचं. आटे किती टिकतील?"

"आन् मासे कधी धरायचे मंग?"

चांदपाशानं त्यांच्याकडे पाहिलं, मग रिळाकडे. "दोन साल झाले, भाभी. गळ पाण्यात टाकलाच न्हाई त्यांनी. बसून राह्यचे नुसते."

तो गेला. गिरिजाबाई मळत राहिल्या. काळं, पांढरं, मग रेघारेघांचं, मग राखेसारखं. बोटं आपली आपण चालत होती. भोक भरलं. स्क्रूला खोबरेल लावलं. आणि तो उजव्या हातात तसाच राहिला, कारण... दोन बारके. एक मोठा व्हता, सुटला. काल लागलाच न्हाई. आज दोरीच तुटली. रोज संध्याकाळी, उंबऱ्यात, समोर उभं राहून, न धरलेले मासे मोजून दाखवले या माणसानं! आणि मी? मी त्या माशांवरून बोलत राहिले. माझ्या तोंडापासून लांब बसायचं होतं म्हणून जात होता का हा? तर मग परत येऊन मला बोलायला रोज नवा मासा कशाला आणून देत होता? मुकाट आत यायचं होतं. पाय दुखतात, आता जात न्हाई म्हणायचं होतं. मी काय खाल्लं असतं का?...

"मोठा म्हणे!" त्या एकदम म्हणाल्या. "केवढा मोठा? दाखवा तरी हात करून!"

"काय म्हणलात, आत्याबाई?" साधना दारात आली.

गिरिजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. भोकातला मसाला आवळत चालला होता हे त्यांना दिसत होतं, आता नाही दाबला तर बसणारच नाही हेही. पण कानशिलं तापली होती, जीभ टाळूला लागून कढत झाली होती. त्यांना आत्ता, या घटकेला, त्या माणसाशी भांडायचं होतं — कडकडून, शेजारपाजार गोळा होईल असं — आणि तो समोर नव्हता.