मुक्ताईची पंगत

पूर्णिमा येरवड्यातल्या एका वस्तीत सोळा वर्षं अंगणवाडी चालवत होती. समाजमंदिरामागची एक खोली, तीसेक मुलं आणि मदतीला प्रेमला नावाची मदतनीस. वस्तीत नवं बिऱ्हाड आलं की चार दिवसांत पूर्णिमा त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. जूनमध्ये ती तशीच पायलकडे गेली.

पायल आणि तिचा नवरा शंभू वाशीमकडून आले होते. तो बांधकामावर फरशी बसवायचा, ती कल्याणीनगरात तीन घरची धुणीभांडी करायची. साडेतीन वर्षांची मुक्ताई आईबरोबर जायची आणि कुणाच्या तरी बाल्कनीत बिस्किटांचा पुडा घेऊन बसून राहायची. पूर्णिमानं तिचा दंड हातात धरून पाहिला. तिची बोटं सहज त्याच्याभोवती फिरली, वर जागा उरली.

“हिला अंगणवाडीत पाठव,” ती म्हणाली.

पायल आखडली. “नको ताई. आमचं भागतं. फुकटचं कायले घ्यायचं?”

“फुकटचं नाही गं. हिच्याएवढ्या मुलांसाठीच येतं ते जेवण. माझी दोन्ही मुलं तेच खाऊन वाढली. धाकटी आता पॉलिटेक्निकला आहे.”

पायल जरा सैलावली. पण ती सकाळी सातलाच कामावर निघायची, आणि तेव्हा अंगणवाडीला कुलूप असायचं.

“माझ्या घरी सोडून जा,” पूर्णिमा म्हणाली. “मी येताना घेऊन येईन.”

दुसऱ्या दिवशी मुक्ताईचं वजन केलं. दहा किलोलाही शंभर ग्रॅम कमी. पूर्णिमानं तिला दवाखान्यात दाखवलं, जंताचं औषध दिलं, आणि मोबाईलवरच्या यादीत तिचं नाव घालायला बसली. नाव चढेना. ते आधीच गावाकडच्या अंगणवाडीत होतं. तिकडून सोडल्याशिवाय इकडे येणार नव्हतं.

“म्हणजे कागदावर ही अजून वाशीमला जेवतेय,” प्रेमला म्हणाली. “मग इथं भूक कशाला लागेल?”

“नाव चढेल तेव्हा चढेल. तू ताटली मांड.”

ताटली मांडली, पण मुक्ताई खाईना. खिचडी नको, उसळ नको, केळंसुद्धा नको. ओठ घट्ट मिटून ती भिंतीला टेकून बसायची. इतर मुलं जेवून, हात धुऊन खेळायला लागली तरी हिची ताटली तशीच भरलेली. पूर्णिमानं मांडीवर घेऊन भरवून पाहिलं, गोष्ट सांगून पाहिली. चार दिवस गेले. सोळा वर्षांत हट्टी मुलं तिनं खूप पाहिली होती. ही हट्टी वाटत नव्हती. कशाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसायची.

पाचव्या दिवशी तिनं पायलकडून गावाकडच्या सेविकेचा नंबर घेतला. तिचं नाव गोदाबाई.

“शंभूची पोट्टी ना?” पलीकडून मोठा, खणखणीत आवाज आला. “वळखतो ना बाई. कशी हाय?”

पूर्णिमानं आधी नावाचं सांगितलं. गोदाबाई म्हणाली, आजच सोडते. मग पूर्णिमा म्हणाली, “ती काही खातच नाही हो.”

गोदाबाई हसली. “तिले वाढू देता का?”

“म्हणजे?”

“तिची आजी शाळेत खिचडी शिजवते. हे पोट्टी चालाया लागली तवापासून आजीसंग वाढत फिरे. पहिले सगळ्यायले वाढते, मंग सोता बसते. तिच्या हातात डाव द्या, बाकी काही करू नका.”

दुसऱ्या दिवशी पूर्णिमानं मुक्ताईच्या हातात छोटा डाव दिला. ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग उठली. पूर्णिमानं पातेलं धरलं आणि मुक्ताई ओळीनं एकेका ताटलीत वाढत निघाली. अर्धी खिचडी सतरंजीवर सांडली. एका मुलानं दोनदा ताटली पुढे केली, तेव्हा ती आजीसारखी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “पहिले हे संपव.”

प्रेमलानं तोंडाला पदर लावला.

शेवटची ताटली वाढून झाली. मुक्ताई आपल्या जागेवर बसली, मांडी घातली आणि जेवली. सगळं जेवली. वर अजून अर्धा डाव मागून घेतला. पूर्णिमा पातेलं हातात घेऊन तशीच उभी होती. ते खाली ठेवायचं तिला सुचलंच नाही.

त्या आठवड्यात यादीत नावही आलं. सतरंजी मात्र रोज धुवावी लागायची आणि प्रेमला रोज त्यावर काहीतरी बोलायची, पण डाव तीच घासून मुक्ताईच्या हाताशी ठेवायची.

सप्टेंबरात वजन केलं तेव्हा पायल मुद्दाम एका घरची सुट्टी घेऊन आली होती. काटा अकरा किलो दोनशेवर थांबला. पूर्णिमानं तिला पुन्हा काट्यावर ठेवायला लावलं. वजन तेवढंच आलं. अजून मजल मारायची होती, पण धोक्याच्या रेषेच्या ती बरीच वर आली होती.

मुलीला खाली उतरवून पायलनं तिचा दंड दाबून पाहिला, मग गाल. तिच्या मागे दारात एक अनोळखी बाई उभी होती, कडेवर एक आणि हाताशी एक मूल.

“ताई, ह्या शंभूच्या साईटवर राहतात,” पायल म्हणाली. “ह्यायले वाटते, बाहेरगावच्यायचे लेकरं इथं घेत नाहीत. म्या सांगितलं, घेतात.”

पूर्णिमानं वही पुढे ओढली. “या, बसा. कुठल्या गावच्या तुम्ही?”

बाई बिचकत आत आली आणि मुलांना घेऊन सतरंजीच्या कडेला टेकली.