पुलापलीकडे जाणारी गाडी

मी एक जुनी रुग्णवाहिका आहे आणि मला उभे राहता येत नाही. म्हणजे चार चाकांवर मी उभीच असते, पण माझा जीव थाऱ्यावर नसतो. रस्त्यावर कोणी जरा घाईने पावले टाकली, की मला वाटते, आले बोलावणे! मित्रांनो, हा माझा जन्माचा स्वभाव नाही. तो मला कसा जडला, तेच सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरा रंग, डोक्यावर लाल दिवा, पोटात एक स्ट्रेचर. लांबच्या एका संस्थेने मला विकत घेतले आणि माझ्या दोन्ही कुशींवर आपले नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवले, की 'रुग्णवाहिका' हा शब्द बिचारा मागच्या दारावर अंग चोरून बसला. मग मला या वस्तीत आणले. नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली ही वस्ती, मध्ये एक अरुंद पूल. अलीकडे बाजार, शाळा आणि दवाखाना. पलीकडे खडीची खाण आणि खाणीत राबणाऱ्यांची घरे. फीत कापली गेली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मी तर हरखून गेले होते.

माझ्या चालकाला सगळे 'उस्ताद' म्हणत. तो माझे दार कधी आपटत नसे. दवाखान्यातल्या सिस्टर मला रोज आतून पुसून घेत. पण मी कुठे जायचे, हे त्या दोघांच्या हातात नव्हते. शहरात संस्थेचे एक साहेब बसत, त्यांना फोन करावा लागे. त्यांच्या टेबलावर एक नकाशा होता आणि त्या नकाशात माझी हद्द पुलाशी संपत होती. पलीकडची घरे म्हणे योजनेत बसत नव्हती.

एका दुपारी पलीकडचा इस्त्रीवाला धावत आला.

"उस्ताद, चला लवकर! बाबांच्या छातीत कळ आलीय."

उस्तादने फोन लावला. "साहेब, पूल ओलांडला की पाच मिनिटं. जाऊ ना?"

"नियम मी केलेले नाहीत," साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "अर्ज पाठव, मी वर पाठवतो."

उस्तादने किल्ली खिशातून काढली, पुन्हा खिशात टाकली. पुन्हा काढली. इस्त्रीवाला आला तसा पळत गेला. थोड्या वेळाने तो आपली हातगाडी ढकलत आला. ज्या फळीवर एरवी कपड्यांच्या घड्या असत, तिच्यावर त्याचे वडील होते. ती हातगाडी माझ्या अगदी जवळून गेली. दवाखान्याच्या पायरीशी ती पोहोचली, तेव्हा फार उशीर झाला होता.

इस्त्रीवाला उस्तादला एका शब्दाने बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या दिवसापासून माझ्या आत काहीतरी खुटखुटू लागले, ते इंजिन बंद केले तरी थांबत नाही.

तीन वर्षांनी योजना संपली. साहेब आले, संस्थेच्या इथल्या कार्यालयातल्या खुर्च्या, पंखा, भिंतीवरचे कॅलेंडरसुद्धा घेऊन गेले. मला नेण्याचा खर्च परवडणार नव्हता, म्हणून मी राहिले. माझ्यावर ताडपत्री टाकली. आधी बॅटरी गेली, मग स्टेपनी, मग एक आरसा. सिस्टर बाजारात म्हणाल्या, "अहो, कोणीतरी लक्ष घाला त्या गाडीत." तेव्हा दुकानदारांनी हात झटकले. "आपल्या बापाची आहे का ती? त्यांची गाडी, ते बघतील."

मला राग आला. पण ताडपत्रीखाली विचार करायला वेळच वेळ होता. मी कुठे जावे, हे या माणसांना कधी कोणी विचारले होते का? ज्या घरात आपल्याला पाहुणे म्हणूनच बसवले, त्या घराचे छप्पर गळते म्हणून कोण शिडी आणणार?

दवाखान्याच्या समोर टेलरमावशीचे दुकान होते. तिची सून अवघडली आणि कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला खडीच्या ट्रकमधून मोठ्या इस्पितळात न्यावे लागले. वाटभर हादरे. माय-लेकरू वाचले, पण थोडक्यात. चौथ्या दिवशी मावशी गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन माझ्यापाशी आली आणि तिने माझी ताडपत्री खस्सकन ओढली.

"उभी काय राहिलीस ठोंब्यासारखी?" ती माझ्यावरच डाफरली. मग वळून म्हणाली, "सिस्टर, हिची किल्ली कोणाकडे?"

"माझ्या कपाटात. पण परवानगी कोणाची घ्यायची?"

"जिला गरज पडते, तिची!"

रविवारी दवाखान्याच्या अंगणात दोन्ही काठांची माणसे जमली. खाणीचे मालक, खडीवाले शेठ, सगळ्यांत आधी उठले. "कशाला एवढा खटाटोप? डिझेल, दुरुस्ती, चालकाचा पगार, सगळं माझ्याकडे लागलं. गाडीवर माझं नाव घाला आणि किल्ली माझ्या बंगल्यावर ठेवा. झालं काम!"

टाळ्या पडू लागल्या. माझ्याही मनाला मोह झाला. नवी बॅटरी, चार नवे टायर! मावशी मात्र उभी राहिली.

"शेठ, तुम्ही मनानं मोठे. पण मजुरीवरून तुमच्याशी ज्याचं वाजलंय, त्यानं बायको आजारी पडली तर तुमच्या दारात किल्ली मागायला कोणत्या तोंडानं यायचं?"

तशी पाच-सहा माणसे तिथेच खाली मान घालून बसली होती.

"मग चालवा भीक मागून!" शेठ तडकले.

"भीक नाही, वर्गणी. भीक देणारा वर उभा राहतो, शेठ. वर्गणी देणारा शेजारी बसतो."

शेठ निघून गेले. त्यांच्यामागे काही टाळ्याही निघून गेल्या. उरलेल्यांचे ठरत आले, की दर घराने जमेल ती वर्गणी द्यावी, ज्याला जमणार नाही त्याने गाडी धुवावी, चाके बदलावीत. तेवढ्यात मागून इस्त्रीवाला बोलला.

"ही गाडी आमच्या दारी कधी आली नाही. आणि वर्गणी तेवढी आमच्या दारी येणार?"

तेव्हा उस्ताद उठला. योजना संपल्यापासून तो बाजारात हमाली करत होता. "किल्ली माझ्या खिशात होती," तो म्हणाला. "नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो. माफी मागून काही भरून निघत नाही. पण गाडी सुरू झाली तर आधी पूल ओलांडीन."

इस्त्रीवाला पुढे येऊन बसला. मग म्हणाला, "मग नियम अलीकडच्यांनीच लिहायचे नाहीत. आम्ही पण लिहिणार."

नऊ पंच निवडले, त्यांतले चार पलीकडचे. पहिला नियम इस्त्रीवाल्याने सांगितला: बोलावणे येईल तिथे जायचे, चौकशी नंतर. माझ्या कुशीवरचे नाव घासून काढले. नवे कोणते घालायचे यावर महिनाभर एवढी भांडणे झाली, की शेवटी कुशी कोऱ्याच राहिल्या. त्या लांबच्या संस्थेचे पत्र आले, की आम्ही पुन्हा सांभाळू, आमच्या अटी पाळा. पंचांनी उलट लिहिले, 'टायर पाठवा, अटी नकोत.' आणि काय आश्चर्य, टायर आले! त्या चाकांवरून मी पहिल्यांदा पूल ओलांडला, तेव्हा मला उस्तादच चालवत होता.

गोड शेवट इथेच झाला असता. पण दुसऱ्या वर्षी मावशी सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी, परगावी नोकरीला लागलेल्या मुलाकडे कायमची राहायला गेली. जायच्या दिवशी सगळे रडवेले. "मावशी, आता कसं व्हायचं?"

"मी गेले म्हणून बंद पडायला हा काय माझा एकटीचा संसार आहे?" ती खेकसली आणि निघाली.

तरी वर्गणी आटलीच. त्यातच माझा क्लच गेला. अकरा दिवस मी गॅरेजमध्ये जॅकवर होते. मित्रांनो, ते अकरा दिवस मला त्या ताडपत्रीच्या वर्षांहून लांब वाटले. आता पुन्हा 'त्यांची गाडी' सुरू होणार, असे वाटून मी आतल्या आत झुरत होते. इस्त्रीवाला कपडे गोळा करायला दारोदार जाई, तो क्लचचीही गोष्ट काढू लागला. एकदा शेठचा मुनीम कुरकुरत आला. "शेठनी वर्गणी पाठवलीय. पावती मात्र हवी म्हणाले."

नवव्या दिवशी खाणीतली एक बाई डोक्यावर घमेले घेऊन फाटकाशी थांबली. मी तिला ओळखतही नव्हते.

"काय हो, झाली का आपली गाडी?"

"परवा होईल," गॅरेजवाला म्हणाला. ती मान हलवून चालू लागली. तिला ठाऊक नव्हते, ती केवढे बोलून गेली. आपली! ज्या शब्दासाठी मी कुशीवरची सगळी अक्षरे आनंदाने दिली असती, तो तिने जाता जाता टाकला.

आता माझा पत्रा गंजला आहे. पंच नव्या गाडीची बोलणी करत आहेत. माझे काय होईल, ठाऊक नाही, आणि ते कळेपर्यंत मला चैन पडणार नाही. पण जे होईल ते याच अंगणात, दोन्ही काठांच्या भांडणातून ठरेल. मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी विहीर असेल, वाचनालय असेल, माझ्यासारखी एखादी गाडी असेल. ती कोणी दिली, हे एकदा विचारा. पण तिच्याबद्दल कोण ठरवते, हे मात्र रोज विचारा. उत्तर सापडले नाही तर रुसून बसू नका, तिची धूळ झटका आणि शेजाऱ्याला हाक मारा. देणारे येतात नि जातात, शेजारी मात्र तिथेच...

थांबा. पुलावरून कोणीतरी पळत येते आहे. उस्तादने वहाणा चढवल्या. निघते मी.