मीठ चढलेली फिरकी

मी एक जुनी फिरकी आहे. पतंगाची नव्हे, मित्रांनो. समुद्रात गळ टाकणाऱ्यांच्या काठीला, मुठीपाशी, जाड तंगुसाचा दोर गुंडाळून जी बसवलेली असते, ती मी. माझी दांडी फिरवली की दोर आत येतो. तारेची कमान उचलली की दोर मोकळा सुटतो. माझ्या डोक्यावर एक गोल चकती आहे. तिला ब्रेक म्हणतात. मोठा मासा हिसका देऊ लागला की हा ब्रेक थोडा थोडा दोर सोडतो, म्हणून दोर तुटत नाही. आज मात्र मी स्वयंपाकघरातल्या फळीवर पडून आहे. माझ्याने आता एक फेराही होत नाही.

मी जिथे राहिले ते गाव आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. त्याचे नाव रॉनमोर. माझा मालक मॅलकी दूध संकलनाची लॉरी चालवायचा. मला घ्यायला तो ट्रली शहराच्या बाजारात आला, तेव्हा त्याचा मेव्हणा डिनीही सोबत होता. डिनीने काचेच्या कपाटातली सोनेरी, चमचमणारी फिरकी उचलली.

"ही बघ! हिच्यात बेअरिंगचे छर्रेच छर्रे आहेत. लोण्यासारखी फिरते."

"आरशासमोर मिरवायचीय का तुला?" मॅलकी म्हणाला. "बास मासा काय तुझं तोंड बघून येणारे?"

दुकानाच्या स्कॅनलबाई हसल्या. त्यांनी मला त्याच्या हातात दिले. "छर्रे जितके जास्त, तितकी गंजायला जागा जास्त. हिचं अंग धातूचं आहे, जोर लावला तरी पिळवटत नाही. झाकणाखाली रबर आहे, खारं पाणी सहज आत जात नाही. दोर भरपूर मावतो. आणि आता ब्रेक आवळून दोर ओढून बघा."

मॅलकीने दोर ओढला. मी एकसारखा, न अडखळता सोडला. त्याने पुन्हा ओढला, मग हळू ओढला, मग एकदम हिसका दिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. डिनीने शेवटी ती सोनेरीच घेतली.

त्यानंतरची कित्येक वर्षे फार सुखाची गेली. ओहोटीला मॅलकी आणि डिनी वाळू उकरून किडे काढायचे, गळाला लावायचे आणि लाटांच्या पलीकडे भिरकावायचे. मग दोघे थर्मासमधला चहा पीत काठ्यांच्या टोकांकडे पाहत बसायचे. बसता बसता भांडायचे. बास लागला की मॅलकीचा आवाज बदलायचा. "हळू, पोरी, हळू," असे तो मला म्हणायचा, आणि मी अगदी मोजून दोर द्यायची.

घरी आल्यावर ओले कपडे बदलण्याआधी तो मला अंगणातल्या नळाशी न्यायचा. नळाची धार बारीक ठेवायचा, कारण जोराच्या धारेने मीठ उलट आतच घुसते. धुताना ब्रेक आवळायचा, म्हणजे पाणी त्याच्या आतल्या चकत्यांत शिरत नाही. धुऊन, पुसून झाले की तोच ब्रेक पुन्हा सैल करायचा, म्हणजे आतल्या चकत्या दबून चिकटत नाहीत. मग दोर सरकतो त्या छोट्या चाकावर तेलाचा एक थेंब. त्याची बायको ऊना दारातून ओरडायची, "मला कधी विचारलंस का रे, दमलीस का म्हणून?"

"तुला गंज चढत नाही ना, ऊना!"

मित्रांनो, एका शरद ऋतूत मॅलकी समुद्रावरून परतला, त्याने मला नळाखाली धरले, ब्रेक आवळला, आणि तो तसाच जमिनीवर कोसळला. नळ चालू करायलाही त्याला जमले नाही. ऊना धावत आली. तिने काठी उचलून शेडमध्ये टेकवली आणि ती त्याच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसून गेली. कुणाचीच चूक नव्हती. पण माझ्या अंगावर समुद्र तसाच राहिला होता, आणि ब्रेक आवळलेला होता.

मॅलकी परत आला तेव्हा त्याची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली होती. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडून असायचा. बोलणे जड झाले होते. ऊनाला ते समजायचे, इतरांना नाही. आणि आपले बोलणे लोकांना दोनदा विचारावे लागते हे लक्षात आल्यावर त्याने बोलणेच सोडले. त्याची खुर्ची खाडीकडे तोंड असलेल्या खिडकीशी होती. तो दिवसभर पाण्याकडे बघायचा आणि मी शेडमध्ये अंधाराकडे.

मीठ कसे खाते ते तुम्हाला सांगते. आधी पांढरा थर येतो. मग तो ओल धरतो. मग स्प्रिंग कडक होते, छर्ऱ्यांवर तांबूस पूड जमते, आणि एक दिवस तुम्हाला कळते की आता आपल्याला हलता येणार नाही. मला ओरडावेसे वाटे. पण फिरकीला आवाज असतो तो फक्त फिरतानाच.

डिनी दर आठवड्याला यायचा. शेडची भिंत स्वयंपाकघराला लागून होती. मला सगळे ऐकू यायचे.

"चल ना लेका, नुसता बस माझ्या शेजारी. मी टाकतो गळ, तू शिव्या दे."

खुर्ची करकरून खिडकीकडे वळली.

"बरं, तुझी ती फिरकी तरी दे. माझी ती सोनेरी तिसऱ्यांदा बिघडलीय. निदान तुझी तरी पाण्यावर जाऊ दे."

मग मॅलकीचा तो जड, तुटक आवाज आला. "सडू दे. तीही सडू दे. मलाही त्याच शेडमध्ये टाका."

ऊनाच्या हातातले भांडे खाली पडले.

"असं बोलायला लाज वाटत नाही?" डिनी चिडला. "माझी बहीण रात्रंदिवस राबतेय तुझ्यासाठी!"

"जा. परत येऊ नकोस."

डिनी खरेच आला नाही. दुसरा हिवाळा गेला. ऊना कधीकधी लाकडे आणायला शेडमध्ये येई आणि लाकडे न घेताच, दाराला पाठ लावून रडत उभी राही. मला तेवढीच सोबत होती, मित्रांनो, आणि तिलाही बहुधा माझीच.

मग एका सकाळी तो प्रसंग घडला. त्याची सुरुवात मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकली. वारा पडला होता, पण बाहेरच्या समुद्रातून मोठ्या फुगलेल्या लाटा येत होत्या. डिनी एकटाच समोरच्या खडकावर उभा राहून मासे धरत होता. मॅलकी खिडकीतून त्याला बघत होता. बघता बघता एक लाट फुटून खडक फेसाने पांढरा झाला, आणि पाणी ओसरले तेव्हा वर कुणी नव्हते.

मी मॅलकीची हाक ऐकली. असा आवाज त्या घरातून कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. "ऊना! डिनी पाण्यात!"

ऊना बोटींच्या धक्क्याकडे धावली. तिथे खांबाला, बुडणाऱ्याला फेकायचे केशरी रबरी कडे टांगलेले असते. ते होते, पण त्याचा दोर कुणी तरी चोरून नेला होता. तिने ते नुसतेच फेकले. डिनी हातपाय मारत त्याच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने त्यात डोके घातले. पण ओहोटी लागली होती. पाणी त्याला खाडीबाहेर ओढू लागले. खाडीच्या तोंडाशी खडकांची रांग आहे. तिथे लाटा फुटतात. ऊनाने बचाव पथकाला फोन केला. बोट निघते आहे, पण वेळ लागेल, असे ते म्हणाले. वेळ कुणाकडे होता?

ती घरी धावत आली तेव्हा मॅलकी खुर्चीतून उठून, भिंतीला धरत, शेडच्या दारात पोहोचला होता. त्याने डाव्या हाताने माझी काठी ओढली. माझ्याकडे पाहून तो क्षणभर थांबला. मी पांढरी पडले होते. त्याने दांडी फिरवून पाहिली. मी हलले नाही.

"किटली!" तो ओरडला.

"काय?"

"किटली आण! गरम पाणी!"

चुलीवर चहाचे पाणी तापत होते. ऊनाने ते माझ्यावर ओतले. मीठ विरघळून माझ्या अंगावरून दुधासारखे वाहू लागले. मॅलकीने दांडीला धक्का दिला, पुन्हा दिला, आणि आत कुठेतरी करकरून मी फिरले. तारेची कमान उघडली. पण ब्रेक तसाच चिकटलेला राहिला. त्याने चकती दातात धरून पिळायचा प्रयत्न केला. ओठातून रक्त आले. चकती हलली नाही.

ते दोघे धक्क्याच्या टोकाला कसे पोहोचले ते मला नीट सांगता येणार नाही. ऊनाने त्याला अर्धे ओढत, अर्धे उचलत नेले. डिनी दूर गेला होता. लाट आली की केशरी कडे दिसायचे, लाट गेली की नाहीसे व्हायचे.

"मला येत नाही रे हे!" ऊना रडत म्हणाली. तिने आयुष्यात कधी गळ फेकला नव्हता.

"येतं. बोटाने दोर धर. काठी मागे ने. आता पुढे! सोड!"

तिने सोडला. दोन हिवाळे चिकटून राहिलेला दोर माझ्यावरून उलगडलाच नाही. दोराच्या टोकाचा शिशाचा गोळा तिच्या पायाजवळ आपटला.

"मेला तो, मॅलकी, गेला माझा भाऊ..."

"गप! वरचे फेरे हाताने सोडव. कापून टाक, शिसं खालच्या दोराला बांध. हं. खाली मऊ, चांगला दोर आहे. पुन्हा टाक. त्याच्या पलीकडे टाक."

दुसऱ्या वेळी तिने काठी अशी फिरवली, की माझे सगळे अंग थरथरले. दोर सुटला. मित्रांनो, मी किती दिवसांनी सुटत होते! शिसे डिनीच्या पलीकडे पडले आणि दोर त्याच्या खांद्यावरून गेला. त्याची बोटे गारठली होती. दोर एकदा निसटला. मग त्याने तो कोपराने दाबून धरला आणि कड्याभोवती गुंडाळत राहिला.

"आता ओढ!" ऊना म्हणाली.

"ओढू नकोस! तुटेल. नुसता अडव. पाणीच त्याला वळवून धक्क्यामागे आणेल. तिथे ओढ नाही."

ऊनाने दोन्ही हातांनी काठी छातीशी घट्ट धरली. मॅलकी तिच्या पायाशी गुडघ्यावर बसला, आणि त्याने डावा हात माझ्या दांडीवर ठेवला. दोघे मिळून एक कोळी झाले होते. मोठी लाट आली. दोर ताणून गाऊ लागला. या वेळी ब्रेकने सुटायला हवे होते. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण माझ्या चकत्या एकमेकींना चिकटून दगड झाल्या होत्या. आणखी एक हिसका, आणि दोर तुटणार होता.

मॅलकीने माझ्या पोटाखालची छोटी कळ अंगठ्याने मागे ढकलली. त्या कळीने मी उलटीही फिरू शकते. तो दांडी उलटी फिरवून दोर देऊ लागला. लाट ओढील तेव्हा द्यायचा, लाट सोडील तेव्हा घ्यायचा. जे काम माझा ब्रेक करायचा, ते त्याचा डावा हात करत होता.

"हळू, पोरी," तो पुटपुटत होता. "हळू, पोरी, हळू." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते.

माझ्या आत दात तुटायला लागले होते. गंजलेले दातेरी चाक एवढे वजन कसे पेलणार? एक दात गेला, दांडी घसरली. दुसरा गेला. मला वाटले, आता नाही. आता खरेच नाही. डिनीने मान कड्यावर टाकली होती. तो हाकेला ओ देत नव्हता.

"डिनी! माझ्याकडे बघ, गाढवा!" मॅलकी ओरडला. शब्द इतके जड होते की कुणालाही कळले नसते. डिनीला कळले. त्याने मान उचलली.

हळूहळू केशरी कडे बाजूला सरकू लागले. खाडीच्या तोंडाकडे न जाता ते वळले, आणि धक्क्यामागच्या शांत पाण्यात आले. तिथे माझा शेवटचा दात तुटला. दांडी सैल होऊन गरगरली. ऊनाने काठी टाकली, ती कमरेपर्यंत पाण्यात उतरली आणि तिने भावाला कॉलरला धरून धक्क्याच्या उतारावर ओढले.

बचाव पथकाची बोट आली तेव्हा डिनी मॅलकीच्या कोटात गुंडाळलेला होता. त्याचे दात कडकड वाजत होते. तो म्हणाला, "मेल्या, मला काय बास समजलास? ओढायचं सोडून उलट दोर काय देत होतास?"

मॅलकीला हसायचे होते. पण त्याला रडूच आले, आणि ते थांबेना.

त्या आठवड्यात गावातले लोक मला बघायला आले. कुणी मला हातात घेई, कुणी म्हणे, वा, काय जुन्या काळचा माल! मॅलकीने मला टेबलावर उघडले. डाव्या हाताने, एकेक स्क्रू काढत. डिनी समोर बसून स्क्रू वाटीत गोळा करत होता. आतला भुगा वर्तमानपत्रावर पडला. असले चाक आता कुठेच मिळत नाही, असे स्कॅनलबाईंनी फोनवर कळवले.

"ही आता फिरायची नाही," मॅलकी म्हणाला.

"मग दुसरी घेऊ," ऊना म्हणाली. "पण ती माझी असेल. शिकव मला."

डिनी म्हणाला, "सोनेरी घे!" दोघांनीही त्याच्याकडे असे पाहिले, की तो उठून चहा ओतू लागला.

मित्रांनो, मी दुःखी नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. मला फिरायचे होते. अजून खूप फिरायचे होते. तुमच्या घरात एखादी वस्तू कोपऱ्यात गप्प पडली असेल, किंवा एखादे माणूस खिडकीशी गप्प बसले असेल, तर ते संपले असे समजू नका. मीठ आत जाण्याआधी त्यांच्याकडे वळा. मला गावभर शाबासकी मिळाली. पण शाबासकीने दात परत उगवत नाहीत. मला त्याआधी, कुठल्याही एका साध्या दिवशी, तेलाचा एक थेंब हवा होता.