रिकाम्या हातानं

आमच्या पिंपळवंडीत बाईच्या हातात काहीतरी असावं लागतं. हंडा, पाटी, दुधाची किटली, लेकरू, निदान पूजेचं ताट तरी. हातात वस्तू असली की बाई कुठंही जावो, कुणी हटकत नाही. हात रिकामे दिसले की अख्खं गाव विचारतं, "कुठं चालल्या, वहिनी?" इतकी वर्षं मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. डोळे उघडले ते साखर वाढल्यावर.

नारायणगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि सांगितलं, गोळ्या मी देईन, पण चालणं तुमचं तुम्हालाच करावं लागेल. रोज, मध्ये न थांबता, घाम येईपर्यंत. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझा नवरा भरत म्हणाला, "दिवसभर काम करतीस, त्योच व्यायाम की!" हा व्यायाम कसला, ते मला माहीत. शेतात मजूर आहेत, ट्रॅक्टर आहे, आणि मी शेडमध्ये पाटावर बसून टोमॅटो निवडते. चालणं म्हणाल तर स्वयंपाकघरापासून गोठ्यापर्यंत.

एकटीनं जायची सोय नाही. आमच्याकडं चहूकडं ऊस आणि उसात बिबट्या. पहाटे जोडीनं जायचं, मोठ्यानं बोलत जायचं, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. म्हणून भरतलाच म्हटलं, तुम्ही चला की बरोबर. तर म्हणतो, "बायकोसंगं फिरताना बघून लोक काय म्हणतील? गच्चीवर चाल." गच्चीवर दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेत वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या, त्या खालीवर करत बसले. नंतर सासूबाई खालूनच हाका मारू लागल्या, "वर गेलीच हायेस तर टाकीत पाणी किती ते बघ गं!" गच्चीवरचं चालणं तिथंच संपलं.

मग मंगल भेटली. म्हणजे होती आमच्याच मागच्या दोन खोल्यांत, भाड्यानं. तिचा नवरा रामदास टोमॅटोची पिकअप चालवतो, ती शिलाई करते. माहेर तिकडं तळेघरच्या डोंगरात. मशीनवर बसून बसून तिची पाठ धरली होती. मी माझं रडगाणं लावलं तेव्हा ती दातानं दोरा तोडत म्हणाली, "मी येते, वहिनी. माहेरी आमी दळणाला सुदीक डोंगर उतरायचो. पन तुमी दांडी मारली तर दारात येऊन बोंब ठोकीन, सांगून ठिवते."

आम्ही निघालो. लोकांनी विचारू नये म्हणून मी हातात विळा घेतला आणि मंगलनं गोणपाट. घास कापायला चाललोय असं दाखवायचं आणि ओढ्याच्या रस्त्यानं चालून यायचं. काय सांगू, ते दिवस फार सुखाचे होते! बिबट्याच्या भीतीनं मोठ्यानं बोलायचं, म्हणून आम्ही मनात येईल ते ओरडून बोलायचो. नवऱ्यांच्या नकला, सासवांच्या नकला, सगळं. लग्न झाल्यापासून इतका मोठा आवाज मी काढलाच नव्हता. मला उशीर झाला की मंगल दार बडवायची, तिची पाठ दुखत असली की मी तिला ओढून काढायची.

पण विळा नडला. सासूबाईंना विळा दिसला आणि त्या म्हणाल्या, "घासाकडं जातीच हायेस तर भारा घिऊन येत जा." नाही कसं म्हणणार? मग घास कापणाऱ्या बाईला सकाळचं येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. ते ऐकून शेजारच्या अंबाबाईंनी त्यांच्या शेरडांसाठी मूठभर पाला मागितला. बघता बघता आमचं चालणं वावरापर्यंत जाऊन थांबायचं, वाकून घास कापायचा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, आणि मान अवघडून घरी. पुढच्या रिपोर्टात साखर जिथल्या तिथं. डॉक्टर म्हणाले, "भारा आणायला मी कधी सांगितलं होतं?"

मंगल माझ्याबरोबर दवाखान्यात आली होती. येताना एसटीत म्हणाली, "वहिनी, विळा आपनच घेतला. चोरी करतोय असं वाटलं म्हनून घेतला. चालनं ही काय चोरी हाये? उद्यापासनं मी काय बी घेनार न्हाई."

"लोक विचारतील."

"इचारू द्या की. सांगू, चालायला चाललोय."

गावात न उतरता तसंच पुढं आळेफाट्याला जाऊन दोघींनी बूट घेतले. दुसऱ्या दिवशी साडीवर बूट घालून, हात हलवत, गावातल्या डांबरी रस्त्यानं निघालो. दूध डेअरीपुढं पुरुषांची रांग होती. रांगेतल्या कुंडलिकनं हटकलंच, "कुठं चालल्या, वहिनी?"

"चालायला."

"आवं, पन कुठं?"

"कुठंच नाही."

त्यानं माझे हात बघितले, मग मंगलचे बघितले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बारीक होऊन कुनाला दावायचं हाये राव?" सगळी रांग हसली. मला वाटलं, जाऊ दे, परत फिरावं. मंगल मात्र जागीच वळली. "दावायचं न्हाई कुनाला," ती म्हणाली. "तुमची पोटं बघून आमाला भ्या वाटलं, म्हनून निघालो." रांग पुन्हा हसली, पण आता त्या ओरडणाऱ्याला. आणि मला असं हसू फुटलं की पोटात कळ आली.

त्याचा हिशोब संध्याकाळी घरी झाला. भरत ओरडला असता तर मी निभावून नेलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "डेअरीवर माझी शोभा झाली. तिनंच तुला चढवलंय. तू खुशाल चाल, पन ती पुन्यांदा तुझ्याबरोबर दिसली तर मी खोली खाली करून घेनार."

त्याला पक्कं ठाऊक होतं, मंगलशिवाय मी उसाच्या कडेनं पाऊल टाकू शकत नाही. आणि मंगलचा जीव त्या खोलीत होता. तिच्या पोरीची शाळा जवळ, शिलाईची गिऱ्हाइकं त्याच आळीतली. मी बूट पलंगाखाली सरकवले. त्या रात्री मला फार राग आला होता, आणि तो राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

सकाळी मंगलनं बोलल्याप्रमाणे दारात बोंब ठोकली. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला गोठ्यामागं गाठलं आणि खरं काय ते वदवून घेतलं. मला वाटलं, रडेल. ती माझ्यावरच खवळली.

"माझ्या खोलीपायी तुमी साखर वाढवून घेनार? आन मला इचारलं बी न्हाई?"

"तू कुठं जाशील, मंगल?"

"ते माझं मी बघीन," म्हणाली आणि तरातरा निघून गेली. दिवसभर मागून मशीनचा आवाज येत राहिला.

रविवारी रामदासनं पिकअप दारात लावली. मशीन, कॉट, भांडी, गॅसची शेगडी भरली. एसटी स्टँडमागं तिनं खोली बघितली होती, याहून लहान. भरत गडबडला. "अगं, मी कुठं जा म्हनालो? नुसतं बोललो व्हतो." मंगलनं किल्ली त्याच्या हातात ठेवली, सासूबाईंच्या पाया पडली आणि गाडीत पुढं जाऊन बसली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मी आत जाऊन तोंडाला पदर लावून रडले. खोलीही गेली आणि सोबतही गेली, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत रस्त्यावरून आरोळी आली, "उज्ज्वला वहिनी, ओ! निघा!" आळीतली कुत्री उठली, समोरची खिडकी उघडली. भरत तोंडात ब्रश घेऊन फाटकाशी गेला. मंगल बाहेर रस्त्यात उभी होती, पायांत बूट, कमरेला पदर खोचलेला.

"आता काय हाये?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई, भाऊ. खोली तुमची व्हती, दिली तुमाला. रस्ता काय तुमचा न्हाई."

तोवर मी पलंगाखालून बूट काढून पायरीवर बसले होते. नाड्या आवळून बांधल्या. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. भरतनं चूळ भरली आणि माझ्याकडं वळून आवाज चढवला, "उज्ज्वला, आज तू ह्या फाटकाभायेर पाय टाकलास तर..."

मी थांबले. त्याच्या तोंडाकडं बघत खरोखर थांबले. पुढचं त्याला सुचेना. धमकी द्यायला त्याच्याकडं आता काही उरलंच नव्हतं.

"सुचलं की सांगा," मी म्हटलं, "मी आलेच चालून." आणि फाटक उघडून रस्त्याला लागले.