नमद्याच्या भिंतीआडून काल्बुबू

मागे शहरातून एक मुलगी आमच्या गावात लोकांची मतं विचारायला आली होती. तिने चहाच्या टपरीवर विचारलं, "देशात शरियतचा कायदा यावा असं कुणाकुणाला वाटतं?" सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मग तिने विचारलं, "सरकार आणि धर्म वेगवेगळे असावेत असं कुणाला वाटतं?" पुन्हा सगळ्यांनी हात वर केले. मी तर दोन्ही केले. मुलगी गोंधळली. आम्ही तिला समजावलं, की बाई, पाहुण्याने विचारल्यावर नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. ती बिचारी घोडीचं आंबवलेलं दूध तीन वाट्या पिऊन गेली आणि म्हणे पुढच्या गावात तिने स्वतःच सगळ्या प्रश्नांना हात वर केले.

खरं मत काय ते आम्हाला सागिनबाय मेला तेव्हा कळलं.

सागिनबाय म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या काळातला आमचा व्याख्याता. देव नाही, हे सांगायचा त्याला पगार होता. आवाज असा, की तो "देव नाही" म्हणाला की समोरच्या कड्यावरून बर्फ सुटून खाली यायचं आणि मेंढपाळ म्हणायचे, देवा, वाचव. पक्ष गेला, व्याख्यानं गेली. मग सागिनबाय मशिदीत मागच्या रांगेत बसायला लागला आणि शेवटपर्यंत तिथेच बसला. गुडघे दुखतात म्हणायचा.

तो गेला तसा अंगणात राखाडी नमद्याचा, म्हणजे थापलेल्या जाड लोकरीचा, तंबू उभा राहिला. त्याला आत उजवीकडे पडद्यामागे ठेवलं. बायका तंबूत भिंतीकडे तोंड करून बसल्या, जगाकडे पाठ. मधोमध त्याची बायको काल्बुबू. आता रीत काय, तर पुरुषमाणसं लांबूनच "अरे माझ्या सख्या रे!" असा टाहो फोडत येणार, काठीवर वाकून तंबूबाहेर उभी राहणार, आणि आतून विधवा मेलेल्याचं गाणं रडत रडत म्हणणार. ते ती स्वतः जुळवते. त्यात त्याचं आयुष्य येतं, गुण येतात, आणि बाई धीट असेल तर बाकीचंही येतं. काल्बुबूइतकी धीट बाई आमच्या खोऱ्यात नाही. दुसऱ्यांच्या मयतीत तिने गायला सुरुवात केली की घोडी चरायची थांबायची.

पण तिने तोंड उघडण्याआधीच मुल्ला इल्गिझ आला.

पोरगा वाईट नाही. परदेशात शिकून आलाय, दारू पिणाऱ्या चौघांना त्याने माणसात आणलंय. मयतीला घोडा कापून गरीब घरं बुडतात, हे त्याचं म्हणणं मलाही पटतं, फक्त कापलेला घोडा समोर आला की विसरायला होतं. तो तंबूपाशी थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "टाहो फोडणं हराम आहे. जिवंत रडतात आणि कबरीत मेलेल्याला त्रास होतो. इथे गाणं झालं तर मी जनाज्याची नमाज पढणार नाही."

नमाजेशिवाय माती! सगळ्यांच्या माना हलल्या. टपरीवर वर गेलेले तेच हात आता छातीवर आले.

मी गावप्रमुख बोलोतकडे बघितलं. "बोलोत, तू सरकार आहेस. बोल की."

"तोको, राज्यघटना वाच," तो कुजबुजला. "सरकार धर्मात पडत नाही."

"पडू नकोस रे. नुसता उभा राहा."

"मी उभाच आहे," म्हणत तो माझ्या मागे उभा राहिला.

तेवढ्यात नमद्याच्या आतून आवाज आला. "कोण बोलतंय? इल्गिझ का?"

"हो, अपा." थोरल्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात.

"जवळ ये. मला वळता येत नाही, रीत मोडेल."

मुल्ला नमद्याला नाक लागेल इतका जवळ गेला. आतून तिचंही नाक तिथेच असणार. मध्ये बोटभर जाड लोकर.

"तुझ्या आईला कळा आल्या तेव्हा तुझी सुईण कोण होती?"

"तुम्हीच, अपा."

"बाहेर आल्या आल्या काय केलंस?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"रडलास. तेव्हा तुला कुणी विचारलं का, हलाल का हराम?"

"अपा, ते वेगळं. अश्रूंना बंदी नाही. डोळे भरू द्या, पण आवाज नको. मनातल्या मनात रडा. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"मनातल्या मनात?" ती म्हणाली, "हे मी आधी ऐकलंय. अगदी हेच शब्द. आणि ज्याने सांगितले तो इथे पडद्यामागे आडवा पडलाय."

आम्ही म्हाताऱ्यांनी खाली मान घातली. आम्हाला माहीत होतं. काल्बुबूची आई गेली त्या काळी असं गाणं म्हणजे मागासलेपणा, पक्षाने बंदी घातलेली. व्याख्यात्याच्याच घरातून टाहो ऐकू आला असता तर व्याख्यात्याचं काही खरं नव्हतं. सागिनबायने तिला आईच्या तंबूत गाऊ दिलं नाही. आई मुकी गेली. खोऱ्यातली सगळ्यात मोठी गाणारी, आणि स्वतःच्या आईला एक ओळ नाही.

"कॉम्रेड म्हणाले, रडू नकोस, पुढची पिढी बिघडेल," काल्बुबू म्हणाली. "आता तू म्हणतोस, रडू नकोस, कबरीतला बिघडेल. माझं रडणं तुम्हा दोघांना कुठे टोचतं रे? मला आता पंच्याहत्तरी उलटली. पुन्हा कधी रडू? तू जा, बाळा. नमाज पढ नाहीतर नको पढूस. मी गाणार."

"मग मी निघालो, अपा."

"सावकाश जा. पाटाच्या कडेला चिखल आहे."

आणि तिने सुरुवात केली.

मी थापाड्या आहे, तरी हे ऐका. तिच्या पहिल्या सुराला तंबूचा नमदा फुगला. दुसऱ्याला माझी टोपी उडाली. तिसऱ्याला दोन डोंगरांपलीकडच्या गावातली एक बाई रडू लागली आणि तिच्या नवऱ्याला वाटलं, आपणच मेलो की काय. शब्द मात्र मी वाढवलेले नाहीत. ते असे होते:

*डोंगराएवढा आवाज तुझा, सभेत गाजणारा,
घरी चहा मागतानाही माझ्यापुढे अडखळणारा.
देव नाही म्हणालास, हजार डोकी डोलली,
तुझा बाप गेला तेव्हा तबेल्यात नमाज झाली.
दाराशी तू पहाऱ्याला, वर्तमानपत्र उलटं हाती,
आतल्या चार माणसांची बाहेर तुला भीती.
नमाज उरकते हळू आवाजात, रडणं हळू होत नाही,
म्हणून बाप तुझा नीट गेला, आणि मुकी गेली माझी आई.
भित्र्या, माझ्या लाडक्या, तुला मी मुका धाडणार नाही!*

मुल्ला पाटापर्यंत पोचला होता. त्याच्याबरोबर दहाबारा माणसंही गेली, त्यात माझा स्वतःचा जावई. बाकीच्यांचे पाय जागचे हलले नाहीत. कुणाच्या तरी तोंडून "अरे माझ्या सख्या रे!" निघालं, आणि मग आम्ही सगळेच काठ्यांवर वाकलो आणि गुरासारखे हंबरलो. सरकार तर सगळ्यात मोठ्याने रडलं.

पण नमाज कोण पढणार? आमच्याकडे एक पक्की समजूत आहे, की मुल्ला नसेल तर नमाज लागू पडत नाही, वीज नसेल तर गिरणी चालत नाही तशी. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

गाणं जरा थांबलं. आतून आवाज आला. "तोको! तबेल्यात त्या चौघांत तू होतास ना?"

"होतो," मी म्हणालो. "पण मी पोरगा होतो. शिवाय मी गावातला सगळ्यात मोठा खोटारडा."

"खोटं तू लोकांशी बोलतोस. देवाशी कधी बोललायस का?"

"आजवर भेट झाली नाही."

"मग आज खरं बोल. उभा राहा पुढे."

सागिनबायला बाहेर आणलं. मी पुढे उभा राहिलो. माझ्या मागे रांगा लागल्या, अगदी ढिल्या आणि वाकड्या. रीतीप्रमाणे मी वळून विचारलं, "लोकहो, हा माणूस कसा होता?"

"चांगला माणूस होता!" सगळे एका सुरात.

"खोटं बोलू नका!" नमद्यामागून आवाज. "चांगला होता, आणि भित्रा होता!"

"चांगला होता," बोलोत पुटपुटला, "आणि भित्राही होता." मग रांगांमधून तेच आलं, आधी चाचरत, मग मोठ्याने. असं उत्तर आमच्या खोऱ्यात कुठल्याही मेलेल्याला मिळालं नव्हतं. सागिनबायने त्यावर व्याख्यान दिलं असतं.

मी हात कानांपर्यंत नेले आणि नमाज सुरू केली. आत ती पुन्हा गाऊ लागली होती, तरी माझा एक शब्दही चुकला नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पाट दिसत होता. पलीकडे मुल्ला इल्गिझ आमच्याकडे तोंड करून उभा होता आणि त्यानेही हात कानांपर्यंत नेले. जावई शपथेवर सांगतो, की गाणं ऐकू येऊ नये म्हणून त्याने कान झाकले. मी म्हणतो, तो आमच्याबरोबर नमाज पढत होता. तुम्हाला ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावर ठेवा. पुढच्या शुक्रवारी मात्र त्याने मशिदीत सांगितलं, की ती नमाज झालीच नाही. काल्बुबूने निरोप पाठवला, की नमाज झाली की नाही ते सागिनबायला पोचल्यावर कळलं असेल, तुला कळायला अजून वेळ आहे.

पण मी त्या दिवसाचं सांगत होतो. माती देऊन आम्ही पुरुष परत आलो. आता गाणं थांबतं, हात धुतात, मांस वाढतात, अशी रीत. परातीतून वाफा येत होत्या. आणि आत काल्बुबू गातच होती. मी कान दिला. सागिनबायचं नाव त्यात नव्हतं. ती तिच्या आईचं गाणं म्हणत होती. आईची उंच पांढरी पगडी, आईची लंगडी घोडी, आईच्या हाताला येणारा धुराचा वास. मग दुसऱ्या बायकाही आपापलं काढू लागल्या, कुणाची बहीण, कुणाचा भाऊ, जे जे त्या काळी मुके गेले ते सगळे.

"हे कधी संपणार?" बोलोतने परातीकडे बघत बायकोला विचारलं.

"संपेल तेव्हा," ती म्हणाली. "बस खाली."

तो बसला. आम्ही सगळेच बसलो. मांस गार झालं, वर चरबीची साय धरली, आणि कुणीही हात लावला नाही.